वारुळमायेच्या दारची पंगत

एका राज्यात, सात डोंगरांच्या आत आणि तीन नद्यांच्या काठी, भद्रसेन नावाचा राजा राज्य करत होता. राजा शूर होता, दानी होता, प्रजेवर त्याची माया होती. खोड म्हणाल तर एकच. पानात अनोळखी काही दिसलं की त्याचं नाक आधी वर जायचं. एकदा भातात सोंडकिडा निघाला, तर त्याने तीन आचारी सीमेपार धाडले. सोंडकिडा बिचारा उकडून मेलेला, आचारी बिचारे रडून मेलेले; पण राजापुढे शहाणपण सांगणार कोण?

या राजाच्या पदरी हौसाबाई नावाची चाखणारीण होती. अंगाने भरलेली, जिभेची पक्की, बोलायला फटकळ. राजाच्या ताटातला प्रत्येक पदार्थ आधी ती चाखायची, आणि तिची रीत ठरलेली होती. पदार्थाचा कण आधी मनगटाला लावायचा, मग ओठाला, मग जिभेला. मग बुडाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडायची. वाटी हळूहळू भरायची आणि बुडायची. तेवढ्या वेळाला घटिका म्हणत. घटिका बुडेपर्यंत हौसाबाई धडधाकट राहिली, तरच ताट राजापुढे जाई. अन्न निवून जाई, राजा चडफडे. पण बावीस वर्षांत राजवाड्यात कुणाचं पोट दुखलं नव्हतं.

राजाला एकच लेक, चित्रांगी. तिला बारा वर्षं पूर्ण झाली तेव्हा राजाने मोठी मेजवानी मांडली. देशोदेशीचे पाहुणे आले, त्यांत रानातून वारुळमाय आली. वारुळमाय म्हणजे जादूगारीण. केस मातीच्या रंगाचे, खांद्यावरून मुंग्यांची रांग चाललेली. ती बोलायला लागली की रांग थांबे. तिने पळसाच्या पानांचा द्रोण पुढे केला. द्रोणात तांबडी चटणी होती.

"राजा, लेकीसाठी आणलंय. आंब्यावरच्या लाल मुंग्यांची चटणी. आमच्याकडे लेकराच्या वाढदिवसाला ही देतात."

हौसाबाईने हात पुढे केला. पण राजाने द्रोणात बारीक पाय पाहिले, आणि कुणी हूं का चूं करायच्या आत द्रोण खिडकीतून बाहेर भिरकावला.

"किडे! माझ्या लेकीला किडे!"

वारुळमाय रागावली नाही, आणि तेच वाईट होतं. रागावलेल्या माणसाची समजूत घालता येते.

"राजा," ती म्हणाली, "जे तुझ्या चाखणारिणीने ओठालाही लावलं नाही, ते तू फेकलंस. ज्यांना किडे म्हणालास त्यांच्यात तुझी लेक जाईल. आजपासून ती रोज चार बोटं कमी होईल. एकविसाव्या दिवशी, सूर्य टेकडीला टेकला की मुंगी होईल."

राजा सिंहासनावरून उतरला.

"उतारा सांग, माये."

"माझ्या वारुळाच्या दारी ये. तीन घासांचा मान घे. एक झाडावरचा, एक मातीतला, एक गवतातला. मात्र कुठला किडा पोषतो आणि कुठला मारतो, ते मी सांगणार नाही. ते तुमचं तुम्ही शोधा." एवढं बोलून ती भिंतीतल्या फटीतून निघून गेली. हो, फटीतून. तिला दाराची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी चित्रांगीचा घागरा चार बोटं जमिनीवर लोळू लागला. राजवैद्यांनी सभा भरवली. राजवैद्य म्हणाले, किडा म्हणजे विष, सगळेच विष. प्रधानजी म्हणाले, पाखरं किडे खातात आणि गातातसुद्धा, तेव्हा सगळेच किडे गोड. या वादात नऊ दिवस गेले आणि राजकन्या निम्मी झाली. दहाव्या दिवशी हौसाबाई तरातरा सभेत आली. कमरेला घटिकेची वाटी, काखोटीला तवा.

"महाराज, हे काम वादाचं नाही, चाखायचं आहे. चाखायला मी जाते."

"चुकीचा किडा जिभेवर गेला तर?"

"तर एक चाखणारीण कमी होईल. पण लेकरू वाचलं पाहिजे."

"मीही जाणार," चित्रांगी म्हणाली. तिचा आवाजही बारीक झाला होता, हट्ट मात्र पूर्वीएवढाच होता. "बाबा, इथे बसून मी लहान होणार, तिथे फिरून लहान होणार. मग फिरूनच होते."

राजाने लेकीचा पापा घेतला. बोलायला गेला आणि रडला. राजे रडत नाहीत म्हणतात, ते खोटं आहे.

दोघी रानात शिरल्या. चौदाव्या दिवशी चित्रांगी बाहुलीएवढी झाली होती आणि हौसाबाईच्या खांद्यावर बसून चालली होती. तोच झाडावरून एक हिरवं पाखरू तीरासारखं खाली आलं. त्याने राजकन्येची वेणी चोचीत धरली.

"सोड! मी राजकन्या आहे!"

"माफी असावी," पाखरू वेणी सोडून म्हणालं. "मला तू चतुर, म्हणजे तो चार पंखांचा किडा, वाटलीस. मी वेडा राघू. किडे खाण्यात माझा हात कुणी धरणार नाही."

हौसाबाईला हायसं वाटलं. देवच भेटला म्हणायचा! "राघूबा, झाडावरचा कुठला किडा खावा?"

राघूने फांदीवर एक भुंगा दाखवला. काळा कुळकुळीत, पाठीवर नारिंगी पट्टे, दागिन्यासारखा झगझगीत. "हा बघा. माझ्या माहितीतलं एक पाखरू हा खातं आणि ढेकर देतं."

हौसाबाईने भुंगा काडीने उचलला, कण मनगटाला लावला आणि वाटी ओढ्याच्या पाण्यावर सोडली. वाटी निम्मी बुडते न बुडते तोच मनगटावर टरारून फोड आला. हौसाबाईने दात आवळले, हात धुतला आणि भुंगा परत फांदीवर ठेवला.

"पाखराला पचतं ते पाखराचं, राघूबा. माणसाच्या पोटाचा दाखला माणसानेच द्यावा."

राघू ओशाळला. "माणूस हवा असेल तर पलीकडच्या पाड्यात कोलूआजा आहे," तो म्हणाला, आणि पुढे उडत वाट दाखवू लागला.

कोलूआजा आंब्याच्या झाडाखाली उभा होता. हातात लांब काठी, काठीला टोपली. फांदीवर पानं शिवून मुंग्यांनी घर केलं होतं. आजाने काठीने ते हलवलं आणि लाल मुंग्या टोपलीत सांडल्या. दोन त्याच्या मानेला चावल्या. त्याने त्यांना नावं ठेवली, पण मारल्या नाहीत.

"आजा, ह्याच कशावरून चांगल्या?" हौसाबाईने विचारलं.

"माज्या आजानं खाल्ल्या, त्याच्या आजानं खाल्ल्या. आमी नाव ठावं असलेलाच किडा खातो, बाई. नवा दिसला की त्याला लांबूनच रामराम. लई नटलेला असला की दोनदा रामराम."

"कच्च्याच खाता?"

"आमी खातो. तुज्या पोटाला सवय न्हाई, तू भाजून घे."

हौसाबाईने मुंग्या तव्यावर भाजल्या, मीठमिरची घालून वाटल्या. मनगट, ओठ, जीभ. वाटी बुडाली आणि हौसाबाईचा चेहरा उजळला. चटणी आंबट होती, चिंचेहून चटकदार. "अगं बाई," ती म्हणाली, "बावीस वर्षं मी दुधीभोपळाच चाखत आले की!" झाडावरचा घास मिळाला.

अठराव्या दिवशी त्या पडक्या किल्ल्यापाशी आल्या. चित्रांगी आता वीतभरही नव्हती. संध्याकाळ होत होती, आणि जमिनीतून पंख फुटलेल्या वाळवीचे थवे निघत होते. एका साध्या वारुळातून मातकट पंखांची पाखरं निघत होती. शेजारच्या उंच वारुळातून सोनेरी पंखांची निघत होती, अशी की सांजेचा उजेड फिका पडावा.

"सोनेरीच घेऊ," हौसाबाई म्हणाली. "राजाचा घास आहे, राजासारखा दिसायला हवा." शहाणी माणसंही सोन्यापुढे अशी घसरतात.

"थांब," चित्रांगी म्हणाली. "हे खातात काय, ते आधी बघते."

वारुळाच्या बुडाशी नागाचं बीळ होतं. चित्रांगी त्यात उतरली. नागाने फणा बाजूला घेतला, कारण राजकन्येची वाट अडवायची त्याच्याकडे रीत नव्हती. खाली जुन्या मांत्रिकाचा खजिना होता. मोहरांचे हंडे होते, आणि चोर मरावेत म्हणून मांत्रिकाने हंड्यांभोवती पांढऱ्या सोमल विषाचा जाड थर पसरला होता. वाळवी त्याच मातीत राहत होती, तीच माती खात होती.

"नागोबा, ही वाळवी मरत कशी नाही?" तिने विचारलं.

"मांत्रिकाने तिला शाप दिला आहे," नाग म्हणाला. "ती स्वतः मरणार नाही, पण तिला खाईल तो मरेल. ह्या खजिन्यापायी अठ्ठावीस कोंबड्या आणि एक सरदार गेला. वर जाऊन सांग."

चित्रांगी धापा टाकत वर आली. हौसाबाईच्या पदरात तोवर मूठभर सोनेरी पाखरं जमली होती. तिने पदर झटकला, तिथल्या तिथे हात राखेने घासले, आणि राजकन्येला इतकं घट्ट छातीशी धरलं की राजकन्या ओरडली.

"अगं, चेंगरशील मला! हौसामावशी, किडा जे खातो तेच आपण खातो, नाही का?"

"तेच, बाळे. मी बावीस वर्षं ताट बघितलं, ताटाच्या मागची माती कधी बघितली नाही."

मग किल्ल्यापासून दूर, जिथे नुसतं रान होतं आणि माणसाने काही पुरलं नव्हतं, तिथली मातकट पाखरं त्यांनी गोळा केली. भाजली, सुपात पाखडली, पंख उडून गेले. वाटी बुडाली. चव भाजक्या शेंगदाण्यासारखी होती. मातीतला घास मिळाला.

राहिला गवतातला, आणि तो सोपा वाटला. कोलूआजा मागून येऊन मिळाला होता. त्याने पहाटेच्या गारव्यात सुस्तावलेले नाकतोडे टोपलीत धरले. मेलेला एकही घेतला नाही. ते दिवसभर उपाशी ठेवले, म्हणजे त्यांचं पोट रितं होतं. मग काटेरी तंगड्या आणि पंख खुडले, कारण ते घशात अडकतात, आणि चांगले कुरकुरीत होईपर्यंत भाजले. वाटी बुडाली. हौसाबाईने तीन द्रोण भरले आणि विसाव्या दिवशी राघूकरवी राजाला सांगावा धाडला.

एकविसाव्या दिवशी दुपार कलताना राजा वारुळमायेच्या दारी आला. दार म्हणजे हत्तीएवढं वारूळ. सोबत प्रधानजी, राजवैद्य आणि दरबारचे दहाजण होते. चित्रांगी हौसाबाईच्या तळहातावर होती, जोंधळ्याच्या दाण्याहून थोडी मोठी. राजाने वाकून पाहिलं.

"बाबा, मी इथे आहे. तुमचा श्वास जरा आवरा, मी उडेन."

राजाने श्वास आवरला आणि थेट द्रोणात हात घातला. वारुळमाय वारुळाच्या पायरीवर बसून बघत होती. मुंग्यांची रांग थांबलेली होती. घास ओठांपर्यंत आला, तोच कोलूआजा बोलला.

"राजा, तुला कोळंबी सोसते का?"

राजाचा हात थांबला. "हे इथे कशाला?"

"सांग की."

राजा लाल झाला. मग खाली बघून म्हणाला, "लग्नानंतरच्या पहिल्या सणाला सासुरवाडीला गेलो होतो. समुद्रकाठचा गाव. कोळंबी खाल्ली आणि माझा घसा बंद झाला, तोंड सुजून मडकं झालं. दोन दिवस मरणाच्या दारात होतो. शत्रूच्या तीन फौजा पळवणारा राजा कोळंबीने आडवा केला, हे कुणाला सांगू? लपवलं."

"आणि मी कुठे होते?" हौसाबाई किंचाळली.

"सासुरवाडीला चाखणारीण कशी नेणार, हौसाबाई? काय म्हणतील ते?"

कोलूआजाने एक नाकतोडा तळहातावर धरला. "कवच बघा, सांधे बघा. कोळंबी पाण्यातली, हा गवतातला. चुलत भावंडंच ही. एकाशी वैर असलं तर दुसऱ्याशी बहुतेक असतंच. मुंगीशीही असू शकतं."

हौसाबाईने राजाचं मनगट ओढलं आणि त्यावर नाकतोड्याचा कण घासला. वाटी पाण्यावर ठेवायचीही गरज पडली नाही. बघता बघता गांधी उठल्या, मनगटापासून कोपरापर्यंत. हौसाबाई मटकन खाली बसली. बावीस वर्षं तिला वाटत होतं, आपल्या जिभेला सोसलं ते जगाला सोसलं. आज कळलं की चांगलं अन्नही एखाद्याला मारतं, आणि त्यात ना अन्नाची चूक ना माणसाची. तिला रडू आलं.

"राजा," वारुळमाय म्हणाली, "सूर्य उतरतोय."

राजाने लेकीकडे पाहिलं. "हौसाबाई, सरका. घसा बंद होईल तेव्हा होईल. तीन घास गिळायला वेळ लागत नाही."

"नाही," हौसाबाई उठली. तिने द्रोण पाठीमागे धरले. "मी नाही म्हटलेलं अन्न राजाच्या मुखात जात नाही. कायदा तुमच्या आजोबांचा आहे."

"माझी लेक मुंगी होईल!"

"आणि तुम्ही गेलात तर तिला बाप राहणार नाही!"

"बाबा, नका खाऊ," तळहातावरून बारीक आवाज आला. "मला मुंगी झालेलं चालेल." तिला चालणार नव्हतं. ती रडत होती, पण तिचं रडू दिसत नव्हतं इतकी ती लहान होती. राजाने तोंड फिरवलं.

तेव्हा कोलूआजा वारुळमायेपुढे जाऊन उभा राहिला.

"माये, आपल्या पाड्यात ज्याला मुंगी सोसत न्हाई त्याचं काय करतात?"

वारुळमाय म्हणाली, "त्याला वाढपी करतात."

"आन् वाढप्याचा घास?"

"वाढपी पंगत वाढतो. पंगत जेवली की वाढपी जेवला असंच आम्ही धरतो." तिने राजाकडे रोखून पाहिलं. "पण राजा माझ्या दारी वाढपी होईल? अनवाणी, कमरेला पंचा बांधून?"

तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत राजाने मुकुट प्रधानजींच्या हातात दिला, जोडे भिरकावले आणि शेला कमरेला गुंडाळला. "पंगत बसवा!"

दरबारी चटाचट बसले. पळसाची पानं मांडली. राजाने हाताला फडकं गुंडाळलं आणि पळीने द्रोणातलं वाढायला लागला, पण हौसाबाईने त्याला अडवलं.

"आधी कणभर. प्रत्येकाच्या मनगटाला, मग ओठाला. घटिका बुडू दे."

"हौसाबाई, सूर्य!"

"सूर्याला सूर्याचं काम करू द्या. एका बापाला वाचवून बाराजणांना मारायचं का?"

वाटी पाण्यावर सोडली. बारा माणसं ओठावर कण घेऊन निमूट बसली. राजवैद्य डोळे मिटून मंत्र म्हणत होते. वाटी भरेना. सूर्य टेकडीकडे सरकत होता आणि राजा पळी हातात धरून पाण्याकडे बघत होता, जन्मात कधी शत्रूकडे बघितलं नसेल असा. तेवढ्यात प्रधानजी ओठ खाजवू लागले.

"मलाही होतंय वाटतं," ते कसनुसं म्हणाले. सगळे किडे गोड म्हणणारे हेच ते गृहस्थ.

"उठा, पाण्याने ओठ धुवा आणि मीठ वाढा," हौसाबाई म्हणाली. दुसरा वाढपी मिळाला.

वाटी बुडाली. सूर्य आणि टेकडी यांच्यात आता एका बोटाचं अंतर होतं. राजा धावत सुटला. पहिल्या पानावर चटणी, दुसऱ्यावर चटणी, मग भाजकी वाळवी, मग नाकतोडे. दर पानाशी वाकून म्हणे, "सावकाश होऊ द्या," आणि स्वतः मात्र वाऱ्यासारखा पळे. हौसाबाईने पहिला घास घेतला. दरबाऱ्यांनी डोळे मिटून घेतला, दुसरा डोळे उघडून घेतला, तिसरा मागून घेतला. राजवैद्यांनी बोटं चाटली आणि कुणी बघितलं का ते पाहिलं. सगळ्यांनी बघितलं होतं.

सूर्य टेकडीला टेकला तेव्हा शेवटच्या पानावरचा शेवटचा नाकतोडा कुरकुरला.

हौसाबाईचा तळहात एकदम जड झाला. मग हात, मग खांदा; आणि चित्रांगी, बारा वर्षांची, पूर्वीएवढी उंच, पूर्वीएवढीच हट्टी, तिच्या अंगावर कोसळली. दोघी गवतात लोळल्या. राजाने पळी टाकली आणि लेकीला उचलून मिठी मारली. तो हसत होता, रडत होता आणि कोपरापर्यंतच्या गांधी खाजवत होता, सगळं एकदम.

पण चित्रांगी त्याच्या हातातून निसटली. ती पायरीवर गेली, वारुळमायेचा हात धरून तिला ओढत पंगतीत आणलं, आणि रिकाम्या पानापुढे बसवलं. वारुळमाय बावरली. तिने शाप खूप दिले होते, वर खूप दिले होते; तिला पानावर बसवून वाढणारं कुणी भेटलं नव्हतं. राजा अनवाणी तिच्यापुढे आला आणि वाकला. "माये, त्या दिवशी चुकलो," तो म्हणाला, आणि त्याने तिन्ही घास तिच्या पानात वाढले.

वारुळमायेने चटणी चाखली. जीभ टाळ्याला लावली. मुंग्यांची रांग थांबली, पंगत थांबली.

"राजा," ती म्हणाली, "मीठ कमी पडलंय."

आणि राज्याचे प्रधानजी मिठाचं भांडं घेऊन पळत आले.

राजासाठी आणि प्रधानजींसाठी हौसाबाईने तवा घासूनधुऊन भाकरी टाकली. ज्याला सोसलं तो जेवला, ज्याला सोसलं नाही त्याने वाढलं, आणि उपाशी कुणीच उठलं नाही. तुमच्या आमच्या पंगतीचंही असंच होवो.